गुलाबी शिवराई: जुनी नाणी रसायनाने धुवावीत का?

माझ्याकडे एक गुलाबी शिवराई आहे, म्हणजे मराठा काळातलं तांब्याचं नाणं. शिवाजी महाराजांच्या स्वतःच्या कारकिर्दीतली नाही, नंतरच्या काळात ढिगाने पाडलेल्या दुदांडी शिवरायांपैकी एक. एका अंगाला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या अंगाला ‘छत्र पति’ आणि त्या दोन ओळींमधून गेलेल्या दोन दांड्या. हातात आली तेव्हा ती जुन्या चिंचेच्या गोळ्यासारखी काळपट तपकिरी होती. मी आठवीत होतो. आजी देवघरातलं ताम्हन लिंबाच्या फोडीला मीठ लावून घासायची, ते रोज पाहिलेलं. शिवराईवर तोच प्रयोग केला. पाच मिनिटांत ती अशी झळकली की मी ती घरभर नाचवली. रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात एका नाणेवाल्याला दाखवली. त्याने ती उचलली, पालथी केली, परत माझ्या तळहातावर ठेवली आणि म्हणाला, “हिला आंघोळ घातलीस होय?” किंमत सांगायच्या भानगडीत तो पडलाच नाही.

दरवर्षी दिवाळीच्या आधी माळे झाडले जातात, आजोबांच्या ट्रंकेतून नाण्यांचे डबे निघतात आणि माझ्या फोनवर काळ्या-हिरव्या नाण्यांचे फोटो येऊ लागतात. खाली एकच प्रश्न: काका, ही कशाने धुवू? हा लेख त्या सगळ्यांसाठी.

उत्तर आधीच सांगून टाकतो. लिंबू, चिंच, आगळ, व्हिनेगर, टूथपेस्ट, भांडी घासायची पावडर, चांदी चमकवायचं द्रावण, सोनाराचं तेजाब यांतलं काहीही संग्रहातल्या नाण्याला लावू नका. नवशिक्याच्या हातात दोनच द्रव्यं शोभतात, स्वच्छ पाणी आणि ॲसिटोन, आणि तीही सरसकट सगळ्या नाण्यांसाठी नाहीत. असं का, आणि मग करायचं काय, ते क्रमाने पाहू.

पायरी पहिली: पूजेची नाणी वेगळी काढा

बहुतेक मराठी घरांत लक्ष्मीपूजनाचे दोन-चार राणीछाप किंवा राजाछाप रुपये असतात. त्यांना दरवर्षी दह्या-दुधाचं स्नान घडतं, हळदकुंकू लागतं, मग राखेने किंवा दंतमंजनाने घासून ते डबीत जातात. पन्नास दिवाळ्या पाहिलेल्या अशा रुपयावर राणीच्या नाकाचा उठाव उरलेला नसतो. त्याची हळहळ करू नका. ती नाणी देवाची आहेत, त्यांचं काम निराळं. खुशाल धुवा, उजळा, पुन्हा पुजा.

फक्त एक करा. यंदा नव्याने सापडलेलं नाणं त्या ताटात ठेवण्याआधी पायरी दुसरी वाचा.

पायरी दुसरी: हातात काय आहे ते आधी ओळखा

ओळख पटण्याआधी नाणं ओलंसुद्धा करू नका. दहा पट मोठं दाखवणारं भिंग, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा वजनकाटा आणि फोनचा कॅमेरा एवढं सामान पुरतं. नाणं कडेने धरायचं, अंगठा छापावर टेकवायचा नाही. खाली टॉवेल अंथरलेला असावा, कारण नाणी पडतात आणि नेमकी फरशीवर पडतात. दोन्ही बाजूंचा आणि कडेचा फोटो काढा. पुढे काही बिघडलं तर आधी काय होतं याचा हा एकच पुरावा.

आता थोडी ओळखपाळख. इंग्रजी अमदानीतला रुपया ११.६६ ग्रॅमचा. १८३५ पासून एकोणीसशे चाळिशीच्या उंबरठ्यापर्यंत त्यात जवळपास ९२ टक्के चांदी होती, १९४० पासून ती ५० टक्क्यांवर आली आणि १९४७ साली रुपया निकेलचा झाला. म्हणजे १९४७ चा वाघाचा रुपया चांदीचा समजून चांदीच्या द्रावणात बुडवणारे आधीच चुकलेले असतात. पाव आणा, ढब्बू पैसा ही नाणी तांब्याची, १९०६ पासून काशाची. दुसऱ्या महायुद्धात धातू वाचवायला मधोमध भोक पाडलेला पैसा काढला, तोही काशाचा. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले आणि पुढे एक, दोन, तीन, पाच, दहा पैशांची ती हलकी ॲल्युमिनियमची नाणी आली, जी पाण्यावर तरंगवायचा खेळ आम्ही लहानपणी खेळायचो.

या निमित्ताने एक इशारा. ईस्ट इंडिया कंपनीच्या नावाची, १८१८ सालची, राम-सीता किंवा हनुमान कोरलेली ‘आणा’ नाणी सापडली तर ती कशानेही धुवा, काही फरक पडत नाही. कंपनीने अशी नाणी कधी पाडलीच नाहीत. ती अलीकडच्या काळात विकायला बनवलेली बनावट टिकली आहे. तांदळाचे दाणे स्वतःकडे ओढणारं ‘चमत्कारी’ नाणं कोट्यवधींना विकलं जातं असं कुणी सांगितलं, तर नाणं सोडा, आधी स्वतःचं पाकीट सांभाळा.

ओळखीची पायरी एवढी महत्त्वाची का, तर पुष्कळदा सगळी किंमत एका टाचणीच्या डोक्याएवढ्या खुणेत असते. १८६२ साल असलेले व्हिक्टोरियाचे रुपये त्यानंतरही कित्येक वर्षं तेच साल ठेवून पाडले जात होते, आणि मुंबईच्या टांकसाळीने वर्षागणिक बारीक ठिपके वाढवत नेले. कोणता ठिपका कुठे आणि किती, यावर आज नाणं साधं की दुर्मिळ ते ठरतं. १९११ च्या पाचव्या जॉर्जच्या रुपयावर राजाच्या झग्यावरचा हत्ती इतका आखूड सोंडेचा उतरला की लोकांना तो डुक्कर वाटला. ओरड झाली आणि पुढच्या वर्षी हत्ती नव्याने कोरला गेला. त्या हत्तीच्या सोंडेवर टूथपेस्टचा ब्रश फिरवला की १९११ चा काय आणि १९१२ चा काय, दोन्ही हत्ती सारखेच सपाट.

आणखी जुनं उदाहरण आपल्याच नाशिक जिल्ह्यातलं. १९०६ साली जोगळटेंभीला क्षत्रप नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, १३ हजारांहून जास्त. त्यातल्या ९ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचा छाप पुन्हा मारलेला होता. नव्या छापाखालून नहपानाचा चेहरा किंवा त्याची अक्षरं पुसट दिसतात, आणि कोणी कोणाला हरवलं हा इतिहास त्या पुसट रेषांवर उभा आहे. अशा नाण्यावर आम्लाचा एक हात फिरला की आधी जातात त्या याच रेषा.

पायरी तिसरी: वर बसलंय ते मळ, कांती की रोग?

सगळा निर्णय या पायरीवर होतो, म्हणून इथे घाई नको.

मळ म्हणजे बाहेरून येऊन चिकटलेली वस्तू. माती, तेल, घामाचा चिकटा, कुंकू, सेलोटेपचा डिंक, जुन्या अल्बमच्या प्लॅस्टिकमधून पाझरलेला हिरवट बुळबुळीत थर. तो नाण्याचा भाग नाही, त्यामुळे धातूला धक्का न लावता काढता येऊ शकतो.

कांती म्हणजे धातूनेच हवेशी हळूहळू जुळवून घेत तयार केलेली साय. इंग्रजीतून आलेला ‘पटिना’ हा शब्द संग्राहक वापरतात, मला कांती बरा वाटतो. तांब्यावर पहिल्यांदा ऑक्साइडचा तांबूस-तपकिरी थर येतो, मग शतकानुशतकांत काळसर किंवा गच्च हिरवा, गुळगुळीत, काचेसारखा. चांदीवर हवेतल्या गंधकाच्या संयुगांमुळे सल्फाइडचा थर चढतो, आधी सोनेरी, मग निळा-जांभळा, शेवटी काळा. लोकरीचं कापड, रबरबँड, काही प्रकारचे कागद यांतूनही हे गंधक येतं. नोटांच्या गड्डीचं रबर नाण्यांच्या पुडीला लावलंत तर दोन-चार पावसाळ्यांत रबराची काळी रेघ रुपयावर कायमची उमटते. कांती काढायची म्हणजे धातूच काढायचा, कारण त्या थरातलं तांबं किंवा चांदी नाण्यातूनच आलेली आहे.

रोग म्हणजे चालू असलेली झीज. तांब्या-काशाच्या नाण्यावर फिकट हिरवी, भुसभुशीत, टूथपिकने खरवडली तर पिठासारखी उडणारी पूड दिसली की सावध व्हा. कळकलेल्या ताकाला जो हिरवटपणा येतो त्या कळंकाचाच हा चुलतभाऊ, फक्त जास्त वाईट चालीचा. नाण्यात मुरलेलं क्लोराइड, हवेतला ओलावा आणि प्राणवायू मिळून आम्ल बनतं, ते आणखी तांबं खातं, त्यातून पुन्हा क्लोराइड मोकळं होतं आणि चक्र सुरूच राहतं. कोकणातल्या खाऱ्या मातीतून आलेल्या नाण्यांत हे जास्त आढळतं.

मळ आणि कांती ओळखायची सोपी युक्ती अशी. भिंगातून पाहा. मळ खोबणीत, अक्षरांच्या कोपऱ्यांत साचतो आणि उंचवट्यांवर कमी असतो. कांती सगळीकडे पसरलेली असते आणि उंचवट्यांवरून खोबणीत उतरताना रंग हळूहळू बदलतो. गुळगुळीत हिरवा रंग बहुधा स्थिर असतो, भुसभुशीत फिकट हिरवा संशयास्पद. खात्री होत नसेल तर फोटो काढून नाणं कोरड्या डबीत ठेवा आणि पंधरा दिवसांनी पुन्हा त्याच उजेडात फोटो काढा. डाग वाढला असेल तर रोग. पंधरा दिवस थांबल्याने नाण्याचं काही अडत नाही, ते दीडशे वर्षं थांबलेलंच आहे.

पायरी चौथी: घरगुती उपाय नेमकं काय करतात

इथे मी जरा जास्त रेंगाळणार आहे, कारण “पण आमच्याकडे तर सगळे असंच करतात” हे वाक्य मला याच जागी ऐकायला मिळतं.

लिंबू-मीठ किंवा चिंच-मीठ. ताम्हनासाठी उत्तम. सायट्रिक किंवा टार्टारिक आम्ल ऑक्साइडचा थर विरघळवतं, मीठ त्याला जोर देतं. पण नाण्याच्या बाबतीत दोन घोटाळे होतात. एक, तपकिरी थर निघाल्यावर खाली उघडं पडलेलं तांबं गुलाबी आणि सूक्ष्मदर्शी खड्ड्यांनी भरलेलं असतं. नवं नाणं टांकसाळीतून येतं तेव्हाचा लालसर तेजाचा रंग तो नव्हे, आणि मुरलेल्या डोळ्याला हा फरक हातभर अंतरावरून कळतो. दोन, मीठ म्हणजे क्लोराइड. नळाखाली दोन मिनिटं धुतल्याने खड्ड्यांतलं क्लोराइड जात नाही. वर सांगितलेल्या रोगाचं बी आपणच आपल्या हाताने पेरलेलं असतं. माझ्या शिवराईच्या ‘पति’मधल्या ‘ति’वर तीन वर्षांनी हिरवा ठिपका आला तो असाच.

टूथपेस्ट, दंतमंजन, राख, रांगोळी, भांड्यांची पावडर. यांत रसायनापेक्षा घासणं जास्त. नाण्यावर एका दिशेने गेलेले केसाएवढे बारीक ओरखडे पडतात. नाणं दिव्याखाली तिरकं फिरवलं की ते झाडूने नुकत्याच सारवलेल्या अंगणासारखे दिसतात. पांढरी पेस्ट अक्षरांच्या कोपऱ्यांत अडकून राहते ती वेगळीच.

ॲल्युमिनियमचा कागद, सोडा आणि गरम पाणी. हा उपाय फार हुशारीचा वाटतो, कारण यात घासणं नाही. ॲल्युमिनियम आणि चांदी यांच्यात सोड्याच्या पाण्यातून विजेचा घट तयार होतो, चांदीच्या सल्फाइडमधलं गंधक निघून जातं आणि सडक्या अंड्यासारखा वास येतो. चांदी परत मिळते, हे खरं. पण ती मूळच्या गुळगुळीत पृष्ठभागावर न बसता वर भुकटीसारखी, निस्तेज बसते. चमच्याला चालेल.

चांदीचं द्रावण, ज्यात बुडवून पाच सेकंदांत दागिने पांढरे होतात. यात सहसा थायोयुरिया आणि आम्ल असतं. हातमोजे आणि खेळती हवा नसताना ही बाटली उघडूच नये. आता खरं तेही सांगतो: जगभरचे व्यापारी चांदीची न वापरलेली नाणी अशा द्रावणात क्षणभर बुडवून काढतात आणि अनुभवी हाताने ते केलं तर पुष्कळदा कुणाच्या लक्षातही येत नाही. मग आपण का नको? कारण नव्या नाण्याची झळाळी ज्यामुळे असते ती गोष्ट फार नाजूक आहे. ठसा पडताना धातू केंद्राकडून कडेकडे वाहतो आणि त्याच्या अतिसूक्ष्म रेषा पृष्ठभागावर राहतात. नाणं फिरवलं की उजेडाचा पंखा फिरतो तो या रेषांमुळे. द्रावण सल्फाइडबरोबर या रेषांचे माथेही झिजवतं. एकदा कमी, दुसऱ्यांदा जास्त, तिसऱ्यांदा नाणं पांढरं असूनही मेलेलं दिसतं. आणि झिजलेल्या, वापरात फिरलेल्या नाण्यावर तर झळाळी आधीच नसते. काळी कांतीही गेली की उरतो तो भांड्याच्या बुडासारखा पांढरा तुकडा.

तेजाब. आमच्या लहानपणी “सोनाराकडून उजळून आणलं” हा कौतुकाचा विषय होता. सोनार चांदी पातळ आम्लात उकळतो, रिठ्याच्या पाण्यात पितळी ब्रशने घासतो. दागिन्याचा तो रीतसर धंदा आहे आणि त्यात त्याची चूक काही नाही, नाणं त्याच्याकडे नेणाऱ्याची आहे. आम्ल मिश्रधातूतलं तांबं आधी खातं, त्यामुळे पृष्ठभागावर नुसती चांदी उरून नाणं दुधासारखं पांढरं होतं. १९४० नंतरच्या ५० टक्के चांदीच्या रुपयात तांबं भरपूर, म्हणून तिथे नुकसानही भरपूर. वजनही घटतं. मग पुढचा गिऱ्हाईक काट्यावर ठेवतो, वजन कमी भरतं, आणि तुमचा खरा बंदा रुपया बनावट असल्याचा संशय खातो.

अमोनिया तांब्याला सरळ विरघळवतो, पाणी निळं होतं ते तुमच्या नाण्याचं तांबं असतं. धुण्याचा सोडा ॲल्युमिनियमच्या नाण्यांना खड्डे पाडतो. ऑलिव्ह तेलात महिनोन्महिने बुडवून ठेवायची जुनी पद्धत सौम्य आहे खरी, पण तेलातली आम्लं कांतीचा रंग काळवंडवतात आणि नंतर तेल निघता निघत नाही.

हे सगळं केल्यावर बाजारात काय होतं? नाण्यांना दर्जा देणाऱ्या पीसीजीएस आणि एनजीसी या अमेरिकेतल्या संस्था १ ते ७० असा अंक देतात. नाणं चुकीच्या रीतीने धुतलेलं आढळलं तर अंक मिळत नाही, ‘डीटेल्स’ एवढा शेरा आणि ‘क्लीन्ड’ असा डाग मिळतो. आपल्याकडच्या लिलावांत आणि प्रदर्शनांतही जाणते संग्राहक अशा नाण्याकडे पाठ फिरवतात, किंवा चांदीच्या भावाच्या आसपास मागतात. काळं पण अस्पर्श नाणं आणि चकचकीत पण धुतलेलं नाणं यांत काळं जिंकतं. नवशिक्याला हे उलटं वाटतं, मलाही वाटलं होतं.

पायरी पाचवी: धुवायचंच असेल तर

फक्त मळासाठी. तालीम म्हणून आधी किंमत नसलेली, खिशातली दोन-चार नाणी घ्या.

पाण्याने सुरुवात करा, पण नळाच्या नाही. नळाच्या पाण्यात क्लोरीन, बोअरच्या पाण्यात क्षार. औषधाच्या किंवा रसायनांच्या दुकानातलं डिस्टिल्ड वॉटर घ्या. काचेच्या वाटीत एका वेळी एकच नाणं, म्हणजे ती एकमेकांवर घासणार नाहीत. पाणी रोज बदला. माती असेल तर चार दिवस ते दोन-तीन आठवडे लागतील. सुटत आलेला कण लाकडी टूथपिकचं टोक पाण्यात भिजवून मऊ करून हलकेच टोचा, ओढू नका. पिन, सुई, ब्लेड यांचं नावही नको.

तेलकट, चिकट किंवा हिरवट बुळबुळीत थर असेल तर ॲसिटोन. ते शुद्ध हवं, रसायनांच्या दुकानातून आणलेलं. नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये रंग, सुगंध आणि तेल मिसळलेलं असतं, ते नको. ॲसिटोन तेल, डिंक आणि प्लॅस्टिकचा चिकटा विरघळवतं, धातूला आणि कांतीला हात लावत नाही. काचेची झाकणाची बरणी वापरा, प्लॅस्टिकची वाटी वितळून नाण्यालाच चिकटेल. ते भडकन पेट घेतं, म्हणून गॅस, उदबत्ती, देवघरातला दिवा बंद करून, खिडकी उघडून, गच्चीत किंवा बाल्कनीत काम करा. दहा-पंधरा मिनिटं बुडवा, नाणं चिमट्याने कडेला धरून उलटा, दुसऱ्या बरणीतल्या ताज्या ॲसिटोनमध्ये एकदा विसळा. पहिल्या बरणीतला मळ नाण्यावर परत सुकू नये यासाठी ही दुसरी बरणी, ती टाळू नका. उरलेलं ॲसिटोन मोरीत ओतायचं नाही.

वाळवताना पुसू नका. जुन्या सुती धोतराचा किंवा साडीचा मऊ तुकडा घेऊन नाणं त्यावर ठेवा आणि वरून टिपकागदासारखं टिपा. पुसल्याने जो ओरखडा पडतो तो इतक्या मेहनतीनंतर पडला तर फार जीवावर येतं.

आता धातूनिहाय थोडक्यात. सोन्याचा होन किंवा मोहोर असेल तर ॲसिटोन चालेल, पण सोनं मऊ, बोटाच्या कडेनेही चरा पडतो. निकेल आणि तांबं-निकेलची नाणी सोशिक. ॲल्युमिनियमला फक्त डिस्टिल्ड वॉटर, तेही थोडा वेळ. सातवाहनांची शिशाची किंवा पोटिनची (तांबं, कथील आणि शिसं यांच्या मिश्रधातूची) नाणी तुमच्याकडे असतील तर पाणीसुद्धा नको. शिशाला पाणीही पुरतं सोसत नाही आणि ते विषारीही असतं, हात धुवा आणि जाणकाराकडे जा.

पायरी सहावी: आजारी नाणं

भुसभुशीत हिरवं नाणं बाकीच्यांपासून आधी वेगळं करा. हवाबंद डबीत सिलिका जेलच्या भरपूर पुड्यांसोबत ठेवा. ओलावाच मिळाला नाही तर चक्र थांबतं, आणि कित्येक नाण्यांना एवढा उपचार पुरतो. यापुढचं काम, म्हणजे सोडियम सेस्क्विकार्बोनेटच्या द्रावणात आठवडेच्या आठवडे भिजवणं, बेंझोट्रायाझोलचा लेप देणं, हे संवर्धकाचं आहे. पहिल्याने कांतीचा रंग बदलू शकतो, दुसरं आरोग्याला घातक. इंटरनेटवर कृती सापडतात म्हणून स्वयंपाकघरात मांडामांड करू नका. नाण्यांच्या जाणकारांची गाठ घ्यायची तर नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आणि संग्रहालय आहे, पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाचा नाणेसंग्रह आहे, मुंबईला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं नाणेदालन आहे. नुसतं जाऊन शे-दोनशे खरी, न घासलेली नाणी डोळ्यांखालून घातलीत तरी मळ आणि कांती यांतला फरक या लेखापेक्षा चांगला समजेल.

जमिनीत सापडलेल्या नाण्यांबद्दल एक कायद्याची गोष्ट. शेत नांगरताना किंवा पाया खणताना दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा निघाला, तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. तो घरी आणून चिंचेत घालणं दोन्ही अर्थांनी गुन्हा. आणि १९७२ च्या पुरावशेष कायद्याने शंभर वर्षांहून जुनं नाणं देशाबाहेर नेता येत नाही. न्यू जर्सीतल्या भाच्याला आजोबांचा राणीछाप रुपया भेट म्हणून बॅगेत देण्याचा बेत असेल तर तो सोडून द्या.

पायरी सातवी: ठेवायचं कसं

नीट ठेवलेलं नाणं धुवायची पाळी येत नाही, म्हणून खर्च करायचा तर इथे करा. पुठ्ठ्याची चौकोनी चौकट आणि मधे पारदर्शक मायलरची खिडकी असलेले होल्डर स्वस्त आणि चांगले. त्यांच्या स्टेपलच्या पिना पक्कडीने सपाट दाबा, नाहीतर शेजारच्या नाण्याला ओरखडतील. किमती नाण्यांना कठीण प्लॅस्टिकच्या डब्या. मऊ, वासाच्या, वाकणाऱ्या पीव्हीसीच्या पानांचे अल्बम घरात ठेवूच नका. काही वर्षांनी त्यांतून आम्ल सुटतं आणि तोच तो हिरवा बुळबुळीत थर तयार होतो. वर्तमानपत्राची पुडी, रबरबँड, लोकरीचा मोजा, नव्या प्लायवूडचं कपाट हेही वर्ज्य. पत्र्याचं कपाट बरं.

आपल्याकडचा खरा शत्रू जून ते सप्टेंबर. मुंबई, रत्नागिरी, गोवा इथल्या पावसाळ्यात हवा ओल्या फडक्यासारखी असते. झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात होल्डर आणि रंग बदलणारं सिलिका जेल ठेवा. रंग बदलला की ते वेगळ्या ताटलीत मंद आचेवर तापवून कोरडं करा, पुन्हा वापरता येतं. पावसाळा लागण्याआधी एकदा आणि दसऱ्याच्या सुमारास एकदा डबा उघडून भिंगाने सगळ्यांवर नजर फिरवा.

आणि आधीच धुऊन बसला असाल तर

काहीही करू नका. मुख्य म्हणजे कांती परत आणायला गंधकाची पूड, उकडलेलं अंडं, बटाटा, गॅसवर शेकणं असले प्रयोग करू नका. तसा खोटा रंग ओळखणारे लोक धुतलेलं ओळखणाऱ्यांइतकेच आहेत. लिंबू-मीठ झालं असेल तर नाणं डिस्टिल्ड वॉटरमध्ये महिनाभर ठेवून, रोज पाणी बदलून जमेल तेवढं क्लोराइड बाहेर काढा, पूर्ण वाळवा आणि कोरडं ठेवा. विकताना “धुतलेलं आहे” हे स्वतःहून सांगा, कारण भिंग गिऱ्हाइकाकडेही असतं.

माझ्या शिवराईवर आता पुन्हा फिकट तपकिरी झाक येते आहे. ‘ति’वरचा हिरवा ठिपका सिलिका जेलमध्ये ठेवल्यापासून वाढलेला नाही. मागच्या दिवाळीत पुतण्याने विचारलं, ही विकायची का? मी तिचं होल्डर उलटवून दाखवलं. मागच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने लिहिलेलं आहे: ‘दुदांडी, लिंबू-मीठ, मी.’